विरोध कुणाचाच नव्हता

आये,

परवाच्या शुक्रवारी दिल्लीत, देशाच्या संसदेत, तुझं एक वाक्य वाचून दाखवलं. ऐकायला अख्ख्या सभागृहात चाळीसेक माणसं होती. मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून मोजली, दुसरं काही करायची तिथे परवानगीच नव्हती. त्यातले चारजण फोनात डोकं घालून होते, दोघं एकमेकांच्या कानाशी लागून हसत होते, आणि एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते; ते ऐकत होते की निजले होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझं वाक्य आलं आणि गेलं. दीड-दोन तासांनी ते ज्या विधेयकाबरोबर आलं होतं ते विधेयकच मागे घेतलं गेलं, आणि मागे घ्यायला कुणाचाच विरोध नव्हता. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. विमानात शेजारच्याशी भांडलो. घरी आल्यावर, दौरा कसा झाला एवढंच विचारणाऱ्या मुलावर खेकसलो. आज सकाळी बायको म्हणाली, "ऑफिसात जाऊन बसा जरा. तिथली माणसं तुम्हाला घाबरतात, इथलं कुणी घाबरत नाही." म्हणून रविवार असूनही पळस्प्याच्या ऑफिसात येऊन बसलोय. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतोय, खाली माझ्याच गाड्या उभ्या आहेत, आणि बाबांची ती कॅनव्हासची पाण्याची पिशवी माझ्या खुर्चीमागे खिळ्याला आहे. येणारे-जाणारे विचारतात, शेठ, हे काय? मी म्हणतो, आमचा फ्रिज.

बाबा कसे गेले ते तुला सांगायची गरज नाही. तरी लिहितो, कारण दिल्लीत हे सांगायला गेलो होतो आणि ते नीट सांगून झालंच नाही. मे महिना होता. बंदराच्या कंटेनर यार्डाच्या गेटापासून पार हायवेपर्यंत ट्रेलरांची रांग लागली होती, दोन्ही पट्ट्यांत, मधून सायकल निघायला जागा नाही. बाबांच्या गाडीवर कांद्याचा कंटेनर. सकाळपासून रांग हलली नव्हती, ती दुपारी चारच्या सुमारास हलली. पुढची गाडी सरकली, बाबांची सरकली नाही. मागच्याने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्या चौघांनी दिला. मग तो मागचा ड्रायव्हर शिव्या घालत खाली उतरला आणि "ए बुढ्ढे, सो गया क्या?" म्हणत त्याने दार ठोकलं. बाबा स्टिअरिंगवर हात आणि हातावर डोकं टेकून बसले होते, रांगेतले शंभरजण बसतात तसेच. डॉक्टर म्हणाले, बारा-साडेबारालाच गेले असावेत. म्हणजे माझा बाप साडेतीन तास मेलेला असून ड्युटीवर होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण काचेबाहेरून झोपलेला ड्रायव्हर आणि मेलेला ड्रायव्हर सारखेच दिसतात. अँब्युलन्स हायवेलाच अडकली. चौघांनी उचलून त्यांना आणलं ते तुझ्याच खानावळीच्या बाकड्यावर. मी तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर, नाशकात. आणि तो कंटेनर? तो दुसरी गाडी लावून संध्याकाळच्या आत यार्डात ओढून नेला. कांद्याला उशीर झालेला चालत नाही.

तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी तू चूल पेटवलीस. गावातल्या बाया म्हणाल्या, आताच कशाला? तू म्हणालीस, "लायनीत हुबं हायत त्यांना भूक लागते का नाय?" पत्र्याची ती खानावळ, पुढे रस्ता, मागे खाडी, आणि खाडीपलीकडे जिथे तू पोरवयात मिठागरावर पाट्या वाहिल्यास तिथे आता कंटेनरांचे डोंगर. तुझ्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकट मिळायची, पण उत्तरेकडच्या ड्रायव्हरांसाठी तू रोटी शिकलीस, पंजाबी माणसासाठी तीवर तूप सोडायला शिकलीस, आणि बिहारचा तो लांब मानेचा पोरगेला ड्रायव्हर रोज भातच मागायचा तर त्याचं पातेलं वेगळं ठेवायला लागलीस. मागच्या बाजूला तुझी एकच मोरी, तिच्यापुढेही रांग. मी अजून ते बघतोय: तू एका हाताने भाकरी परततेस, दुसऱ्या हाताने बादली पुढे करतेस, आणि दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन गाड्यांची दारं थापटतेस. "ए भाऊ, जिवंत हाय का?" आतून शिवी आली की तू खूश. "हाय, हाय," म्हणायचीस आणि पुढच्या दाराकडे जायचीस. मला तेव्हा लाज वाटायची. ड्रायव्हर माझी टिंगल करायचे, तुझी माँ हजेरी घेते म्हणून.

मग ते खासदार आले. आपल्या भागातले नव्हते, विरोधी पक्षातले होते, कुठल्यातरी लग्नाला चालले होते आणि रांगेत अडकले. दोन तास अडकले, म्हणून त्यांना भूक लागली. भूक लागली म्हणून तू भेटलीस. बारीक अंगाचा माणूस, भाकरी दोन हातांनी मोडून खात होता. तू त्यांना सोडलं नाहीस. भाकरी थापता थापता सगळं सांगितलंस, आणि त्यांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. एक, रस्त्याचा एक पट्टा कायम रिकामा. "राजा आला तरी त्याच्यात गाडी घालाची नाय." दोन, रांगेजवळ डॉक्टरची खोली. तीन, पाणी आणि संडास. आणि मग ते विचारते झाले, "ताई, हे सगळं का हवं, ते एका वाक्यात सांगा. कायद्याच्या शेवटी कारण लिहावं लागतं." तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "लायनीत हुबा हाय त्यो मानूस निजलाय का मेलाय, ह्या कोनाला तरी कललाच पायजे." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. ते म्हणाले, मी सरकारात नाही, पण एकट्या खासदारालाही संसदेत विधेयक आणता येतं. तू विचारलंस, "तुमच्या एकल्याचा ऐकतील?" ते हसले. मला तेव्हाच ते हसणं खटकलं होतं.

आता मी तुझ्यावर चिडलोय त्या भागाकडे येतो. होय, तुझ्यावरही चिडलोय. दोन वर्षं गेली, त्या खासदारांची दोन पत्रं आली, काही हललं नाही. तेव्हा तू आणि गावच्या बायांनी रस्ता अडवायचं ठरवलंत. ड्रायव्हर तुमच्या बाजूने. मंगळवारी सकाळी सहापासून बसायचं. शनिवारी यार्डाचा मॅनेजर खानावळीत आला, टाय सैल केला, तुझ्या बाकड्यावर बसला. घाम पुसत म्हणाला, "मावशी, बोट लागतेय मंगळवारी. रस्ता अडवू नका. एक पट्टा मोकळा ठेवतो, कंपाउंडर बसवतो, अँब्युलन्स उभी करतो. सोमवारी संध्याकाळी या, सही करून देतो." तू म्हणालीस, "बगू." त्या माणसाला घाम यार्डातल्या उन्हाने आलेला नव्हता, आये. तो तुमच्यामुळे आलेला होता. हातात आलेलं होतं ते सगळं.

आणि सोमवारी सकाळी फोन वाजला. दिल्लीहून, त्या खासदारांच्या सहायकाचा. तुझ्या हाताला पीठ होतं, म्हणून फोन मी घेतला. मी तुला सांगितलं: शुक्रवारी आपलं विधेयक संसदेत मांडलं. सभापतींनी विचारलं, सगळे हो म्हणाले. कुणी विरोध केला नाही. पुढचं काही ऐकू आलं नाही, लाईनीत खरखर होती.

तुझं तोंड मला आठवतंय. तू गावकीत वाढलेली बाई. आपल्या गावात देवळाच्या पारावर बैठक बसते, पंच उभा राहून तीनदा विचारतो, "कोनाचा इरोध हाय का?" आणि तिसऱ्यांदा कुणी बोललं नाही की नारळ फुटतो. नारळ फुटला की झालं. मग भाऊ भावाच्या विरोधात जात नाही, मग कोर्ट नाही, कचेरी नाही. गावच्या विहिरी अशाच खणल्या गेल्या, वाटा अशाच सुटल्या. तुला वाटलं, दिल्लीतही पारच आहे, जरा मोठा. तू हात धुतलेस, नारळ घेतलास आणि रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडावर फोडलास. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिलास. "कायदा झाला," म्हणालीस. बायांना सांगितलंस, मंगळवारी बसायची गरज नाही. संध्याकाळी मॅनेजरचा माणूस बोलवायला आला, तेव्हा तू त्याला खोबरं दिलंस आणि म्हणालीस, "आता तुज्या सहीचा काय करू? दिल्लीनच झाला."  तो खोबरं तोंडात टाकून निघून गेला. ती सही पुन्हा कधी समोर आली नाही.

दिल्लीत त्याला काय म्हणतात ते मी आता शिकलोय. त्याला मांडण्याची परवानगी म्हणतात. मांडायला कुणी विरोध करत नाही, तशी रीत आहे. शुक्रवारी दुपारी एकामागून एक खासदार उभे राहतात, एकेक ओळ बोलतात, सगळे हो म्हणतात, आणि कागद ढिगात जातो. सगळा आठवडा सरकारचा असतो. एकट्या-दुकट्याच्या विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, तेही एक शुक्रवार विधेयकांना आणि एक ठरावांना. शेकडो विधेयकांमधून चिठ्ठ्या निघतात. चिठ्ठीत आलं तर चर्चा, नाहीतर पडून राहायचं. त्यात तुझ्या विधेयकाला खर्च लागणार होता, संडास आणि डॉक्टरला लागतोच. मग त्याला राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि ती मिळते सरकारच्या सल्ल्याने, म्हणजे ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांचीच आधी परवानगी. हे सगळं पार पडायच्या आत लोकसभा बरखास्त झाली की ढीगच्या ढीग रद्द. पन्नासहून जास्त वर्षांत असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. आपल्या यार्डाच्या रांगेत एवढं तरी आहे की कधीतरी गेट उघडतं. आपण ज्याला झालं म्हणतो ते तिथे सुरूसुद्धा झालेलं नसतं, आये, आणि तू खोबरं वाटून मोकळी झालीस.

मंगळवारी सकाळी रस्ता मोकळा होता. मी नुकताच घेतलेला जुना ट्रेलर, माझा पहिला, आदल्या दिवसापासून भरून पळस्प्याला उभा होता. तो घेऊन मी खानावळीपुढे थांबलो. तू बाबांची पाण्याची पिशवी काढलीस, फाटलेली बाजू नव्या कापडाने शिवलेली होती. माठातलं पाणी तिच्यात भरलंस आणि स्वतःच्या हाताने माझ्या दाराच्या आरशाला अडकवलीस. म्हणालीस, "जा. आता लायनीत मेलास तरी कोनतरी बगल." आणि हसलीस. बाबा गेल्यानंतर तुला तसं हसताना मी पहिल्यांदा बघत होतो.

विधेयकाची छापील प्रत पोस्टाने आली, ती तू फ्रेम करून भिंतीवर लावलीस. वाचता येत नव्हतं, पण येणाऱ्याला बोट दाखवायचीस, "यो कायदा." ऐकणारे मान डोलवायचे. मग पुढचा उन्हाळा आला आणि बिहारचा तो भातवाला रांगेत आडवा झाला. तूच दार थापटलंस म्हणून कळलं. तोंड वाकडं झालं होतं, जीभ वळत नव्हती. पट्टा मोकळा नव्हता, खोली नव्हती, अँब्युलन्स हायवेला. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, ओढणीने बांधून त्याला पनवेलला नेलं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायचा होता. त्याची उजवी बाजू गेली ती गेलीच. तू वीस दिवस दोन वेळा रिक्षाने जाऊन त्याला भात भरवलास. तो गावी गेला तेव्हा डाव्या हाताने तुझे पाय धरायला वाकला आणि पडला.

त्याच सुमारास लोकसभा बरखास्त झाल्याचं रेडिओवर आलं, आणि तू मला त्या खासदारांना फोन लावायला लावलास. ह्या वेळी फोन तुझ्याच हातात होता. ते बिचारे निवडणुकीत पडायच्या तयारीत होते आणि पुढे पडलेही. त्यांनी तुला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, तुझं "हां... हां" तेवढं ऐकू येत होतं. फोन ठेवून तू बराच वेळ पीठ मळत राहिलीस, गरजेपेक्षा जास्त. मग विचारलंस, "त्या दिवशी फोनावर तूच व्हतास ना?" मी म्हटलं, सांगितलं ना, खरखर होती. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "कान भारी तिखट हायत तुजं. पन कानातला तोंडात येत नाय." दुसऱ्या दिवशी फ्रेममधला कागद निघाला होता आणि तिच्यात बाबांचा फोटो आला होता. त्यानंतर चार वर्षं तू होतीस. दर अर्ध्या तासाने दारं थापटत होतीस. तो विषय मात्र तू पुन्हा काढला नाहीस, आणि मला वाटलं, सुटलो.

मग मी माझं करत गेलो. एकाच्या दोन, दोनाच्या दहा गाड्या. आता माझ्याकडे साठ ट्रेलर आहेत, वाहतूकदारांच्या संघटनेचा मी अध्यक्ष आहे, हार घालून घ्यायची सवय झाली आहे. कुठल्या अधिकाऱ्याला कुठला चहा आवडतो ते मला ठाऊक असतं, आणि दोन टेबलं पलीकडे चाललेलं बोलणं चमचा ढवळता ढवळता ऐकू येतं. धंदा त्यावरच चालतो. गेल्या उन्हाळ्यात माझाच एक ड्रायव्हर रांगेत गेला. बाबांसारखाच, बसल्या जागी. त्याची बायको इथे, ह्याच खुर्चीसमोर उभी राहिली, आणि मी अशा वेळी जे बोलायचं ते बोललो. मग कपाट उघडून तुझा तो छापील कागद काढला आणि आताच्या खासदारांकडे गेलो. ते म्हणाले, "शेठ, मांडतो. तुमचा शब्द मोडत नाही." मांडलं. आणि नशीब बघ, ह्या वेळी चिठ्ठीत नाव निघालं. एका शुक्रवारी सहाला दोन मिनिटं कमी असताना त्यांचं नाव पुकारलं. ते उभे राहिले, एक वाक्य बोलले, आणि सभागृह उठलं. मी चिडलो, तर त्यांचा पीए म्हणाला, अहो, हे फार चांगलं झालं. एक वाक्य बोललं की जागा राहते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं.

रुमालाच्या जागेवर परवा आम्ही बसलो. मला पास मिळाला. गॅलरीतला शिपाई दोनदा येऊन सांगून गेला, "सीधे बैठिए." आमचे खासदार चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. तुझ्या जुन्या कागदावरून हिंदीत त्यांनी वाचलं, कतार में खड़ा आदमी सोया है या मरा है, यह किसी को तो पता होना चाहिए.  नेमकं तेव्हाच खालच्या बाकावरचा एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "साढ़े सात की फ़्लाइट है, निकल जाएँगे ना?" ते मला इतक्या वरून ऐकू आलं. पीएने आधीच सांगून ठेवलं होतं, बैठकीला लागतात त्यापेक्षा माणसं कमी आहेत, कुणी गणती मागितली की बैठक संपली, तेव्हा कुणी मागू नये एवढंच देवाकडे मागा. म्हणजे तुझं विधेयक जगलं ते सगळ्यांनी मिळून रिकाम्या बाकांकडे काणाडोळा केला म्हणून. सहाजण बोलले, सगळे बाजूने. मग मंत्री उठले. गोड माणूस. म्हणाले, माननीय सदस्यांच्या भावनेशी सरकार पूर्ण सहमत आहे. म्हणाले, हा अत्यंत संवेदनशील विषय आहे, सरकार सहानुभूतीने विचार करेल. आणि म्हणाले, सदस्यांना विनंती आहे की त्यांनी विधेयक मागे घ्यावं. आमचे खासदार उठले. मला वाटलं, आता भांडतील. ते म्हणाले, मंत्रीमहोदयांच्या आश्वासनानंतर मी माझं विधेयक मागे घेतो. सभापतींनी विचारलं, सभागृहाची परवानगी आहे का? सगळे म्हणाले, हाँ. त्या म्हाताऱ्याने डोळे न उघडता म्हटलं, हाँ. विरोध कुणाचाच नव्हता. माझं तोंड उघडलं होतं, पण तोवर शिपायाचा हात खांद्यावर आला.

नंतर त्यांच्या बंगल्यावर मी जे बोललो ते तू ऐकायला हवं होतंस. ते म्हणाले, "बसा शेठ, चहा घ्या. मागे घेतलं नसतं तर मतदान झालं असतं, पडलं असतं."

"मग पडू द्यायचं होतं. कोण पाडतंय त्यांची तोंडं तरी दिसली असती."

"असं नसतं. मंत्र्यांचा शब्द रेकॉर्डवर आलाय. सहानुभूतीने विचार..."

"साहेब, तो शब्द मी रोज वापरतो. ड्रायव्हर सुट्टी मागायला आला की."

ते हसले. राग आला नाही त्यांना, मुरलेला माणूस आहे. कपात चमचा फिरवत म्हणाले, "शेठ, मला एक सांगा. एका रस्त्याचा एक पट्टा मोकळा ठेवायला दिल्ली कशाला लागते? त्या रांगेत साठ गाड्या तुमच्या. संघटना तुमची. तुम्ही एक दिवस रस्ता अडवलात तर यार्डवाले आठवड्यात लिहून देतील. अडवत का नाही?"

  मी चहा न घेता उठलो, आये, त्यालाच त्यांच्या माणसांनी राग समजला.

उद्या संघटनेची बैठक बोलावली आहे, रस्ता अडवायचा की नाही ह्यावर. मीच विचारणार, कुणाचा विरोध आहे का? आणि माझे अकरा कंटेनर येत्या मंगळवारच्या बोटीचे आहेत, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक असेल. अजून मी काही ठरवलेलं नाही. दोन दिवस दिल्लीच्या नावाने बोटं मोडतोय ती ह्याचसाठी, की हे लिहायची वेळ येऊ नये. पण आता पानं संपत आली, आणि हे पत्र टेबलाच्या खणाच्या पलीकडे कुठे जाणार नाही, तेव्हा लिहितो.

त्या सोमवारी फोनवर तो सहायक म्हणाला होता, "हा फक्त पहिला दिवस आहे, अजून काहीच झालेलं नाही. आईंना सांगा, रस्ता अडवायचं अजिबात सोडू नका. बाहेरून जोर असला तरच हे पुढे सरकेल." दोनदा म्हणाला. मी "हो, सांगतो" म्हणालो आणि फोन ठेवला. माझा पहिला ट्रेलर पळस्प्याला भरून उभा होता आणि बोट मंगळवारची होती. तू नारळ शोधत होतीस, आणि मी तुला तो हातात काढून दिला.

खरखर नव्हती, आये. लाईन अगदी स्वच्छ होती.